लाल किल्ली, काळी किल्ली

ऑगस्टमधला तिसरा शनिवार उलटला की सोमवारी सकाळपासून आमच्या वर्कशॉपचा फोन थांबत नाही. त्या शनिवारी डेट्रॉईटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ‘ड्रीम क्रूझ’ असते. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत जुन्यानव्या गाड्यांची संथ रांग, कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबं आणि मधूनच कुणीतरी टायर जाळल्याचा धूर. 1995 पासून हे चाललंय. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकून माणूस घरी जातो आणि आपल्या गॅरेजातली गाडी त्याला एकाएकी मवाळ वाटायला लागते. परवापर्यंत तिच्यात काही कमी नव्हतं. सोमवारी तो फोन करून विचारतो, गाडी आहे तशी ठेवू की काही करून घेऊ?

मी ट्यूनर आहे. किती वेगाला, किती हवेला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, याचे तक्ते इंजिनाच्या कंप्युटरमध्ये असतात. ते बदलणं हे माझं काम. गाडी डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर पट्ट्यांनी बांधायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पळवायची, लॉग वाचायचा, आकडे बदलायचे, पुन्हा पळवायची. 2009 पर्यंत मी दुसऱ्या बाजूला होते. एका पुरवठादार कंपनीत कॅलिब्रेशन इंजिनिअर, म्हणजे हे तक्ते मुळात भरणाऱ्यांपैकी. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी क्रायस्लर आणि 1 जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. त्यांच्यावर जगणाऱ्या आमच्यासारख्यांची पाठोपाठ छाटणी झाली. ज्याचा डायनो आम्ही कधीमधी भाड्याने घ्यायचो त्या म्हाताऱ्या मालकानं विचारलं, येतेस का? गेले. त्यामुळे तक्ता भरणाऱ्याच्या मनात काय असतं तेही मला ठाऊक आहे आणि तो बदलून मागणाऱ्याच्या मनात काय असतं तेही.

मागणाऱ्याच्या मनात एक ठाम समजूत असते. कंपनीनं ताकद मुद्दाम दाबून ठेवलेली आहे, ट्यूनरनं फक्त बूच काढायचं. ही समजूत हवेतून आलेली नाही. तिचं मूळ याच वुडवर्डच्या आसपास आहे. 1964 साली पाँटिॲकनं जीटीओ काढली, मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंचांचं मोठं इंजिन घालून. इथून जवळच, रॉयल ओकमधला ‘रॉयल पाँटिॲक’ नावाचा डीलर त्या गाडीला ‘बॉबकॅट’ पॅकेज करून द्यायचा. त्यात असायचं काय? पातळ हेड गॅस्केट, कार्बोरेटरला मोठे जेट, डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्समध्ये फेरफार आणि इनटेकला खालून तापवणारा एक्झॉस्टचा मार्ग बंद करणारं गॅस्केट. बस, एवढंच. आणि एवढ्यानं गाडी खरोखर बदलायची.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात नवल वाटत नाही. ऐंशीच्या दशकात एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी 350 ‘राजदूत’ नावानं आणली. तिच्यात ‘हाय टॉर्क’ आणि ‘लो टॉर्क’ असे दोन प्रकार होते, आणि दोन्ही जपानी मूळ गाडीपेक्षा मवाळ. लो टॉर्कवाले वडिलांच्या लेथवर हेड फेसिंग करून घ्यायला यायचे, कॉम्प्रेशन वाढावं म्हणून. काम झालं की गाडीला किक मारून तिथूनच पंचगंगेच्या पुलाकडे हाणत जायचे. वडील त्यांना पैसे आधी द्यायला लावत.

जीटीओची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 1964 मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाला चाचणीसाठी जी जीटीओ दिली होती, तिच्यात 389 नव्हे तर 421 घनइंचांचं इंजिन बसवलेलं होतं. पाँटिॲकच्या जाहिरातीमागचे सूत्रधार जिम वँगर्स यांनी ते कितीतरी वर्षांनी कबूल केलं. म्हणजे ज्या गाडीपासून मसल कारचं युग मोजतात, तिच्या ‘स्टॉक’ रूपाची कीर्तीच मुळात हात फिरवलेल्या गाडीवर उभी राहिली. ‘स्टॉकच ती खरी’ म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींना मी ही गोष्ट मुद्दाम ऐकवते.

पण 1964 चं बूच आज कुठे उरलंय? कार्बोरेटर आंधळा होता. बाहेर उणे 20 आहे की 40, पंपावरचं पेट्रोल चांगलं की पाणचट, गाडी डेन्व्हरच्या उंचीवर आहे की समुद्रकाठी, त्याला काही कळत नसे. म्हणून कारखान्यातला माणूस सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवून जेट निवडायचा, आणि चांगल्या दिवशी तेवढी ताकद पडून राहायची. बॉबकॅटवाले ती पडून राहिलेली ताकद उचलत होते. आजच्या इंजिनाला नॉक, म्हणजे पेट्रोलचं अवेळी पेटणं, ओळखणारा सेन्सर आहे, हवेचं तापमान कळतं, लॅम्डा सेन्सर आहे. चांगला दिवस असेल तर ते स्वतःच टायमिंग पुढे घेतं, वाईट असेल तर मागे. माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षं बसून ती पडीक ताकद आधीच वेचून घेतली आहे. जे शिल्लक ठेवलंय ते अज्ञानापोटी नाही. त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक माणूस, एक चाचणी आणि बहुधा एक भांडण आहे.

त्यातलं एक सांगते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पितं. ट्यून करून मागणाऱ्याला वाटतं, हा गबाळेपणा आहे, थोडं कमी करा, हॉर्सपॉवर वाढेल. वाढतेही. पण ते जास्तीचं पेट्रोल जाळण्यासाठी नसतंच, ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गार ठेवण्यासाठी असतं. ॲरिझोनात बुलहेड सिटीहून वर चढणारा डेव्हिस डॅमचा घाट आहे. भर उन्हाळ्यात मागे वजनदार ट्रेलर लावून, एसी चालू ठेवून आम्ही तो चढायचो. कॅटमध्ये थर्मोकपल, मांडीवर लॅपटॉप. पडद्यावरचा आकडा 950 अंश सेल्सिअसकडे सरकताना एकदा पाहिला की दोन टक्के पेट्रोल वाढवायला कुणी वाद घालत नाही. वाद नंतर, डेट्रॉईटच्या थंड मीटिंगरूममध्ये सुरू होतो. तिथे मायलेजवाला, उत्सर्जनवाला, मार्केटिंगवाला आणि वॉरंटीचा खर्च सांभाळणारा अशी चार माणसं एकाच चौकटीतला आकडा आपापल्या बाजूला ओढत असतात. ‘स्टॉक’ म्हणजे ती ओढाताण थकून जिथे थांबली ती जागा. ती पवित्र नसते, पण फुकटचीही नसते.

आता डॉक्टरांकडे येते. इथल्या आमच्या मराठी मंडळातले भूलतज्ज्ञ, वय पन्नाशीपुढचं, स्वभावानं अत्यंत सावध. त्यांनी 2016 मध्ये नवी कोरी डॉज चॅलेंजर हेलकॅट घेतली तेव्हा मंडळात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. 6.2 लिटरचं हेमी व्ही-8, त्याच्या डोक्यावर 2.4 लिटरचा ट्विन-स्क्रू सुपरचार्जर, 707 हॉर्सपॉवर. दोन टनांची गाडी. बऱ्याच वर्षांनी, ड्रीम क्रूझनंतरच्या एका सोमवारी, त्यांचाच फोन आला.

“ताई, तुमच्याकडे पुली बदलून देतात म्हणे?”

“देतात. का?”

“गाडी पूर्वीसारखी उचलत नाही हो. आणि आठशेच्या पुढे नेता आली तर बघावं म्हणतोय.”

सुपरचार्जरची पुली लहान केली की तो जास्त वेगानं फिरतो आणि जास्त हवा कोंबतो. मूळच्या गाडीत इंजिन 6200 फेऱ्यांवर असताना सुपरचार्जर 14,600 फेऱ्या घेत असतो. लहान पुली, सोबत कंप्युटर उघडून नवं ट्यून, आणि चांगलं पेट्रोल. कागदावर काम सोपं आहे. मी म्हटलं, आधी आहे ती किती देते ते मोजू.

गाडी आली, बांधली, पुढ्यात मोठा पंखा लावला, एक्झॉस्टला होज जोडला. मी सीटवर, डॉक्टर काचेपलीकडे आमच्या मालकाशेजारी. पहिली धाव संपली आणि पडद्यावर चाकांपाशी 430 च्या आतबाहेर आकडा आला. इथे एक खुलासा हवा. कंपनी जे 707 सांगते ते इंजिनापाशी मोजलेलं असतं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर यांत काही ताकद जाते, म्हणून डायनोवर चाकांपाशी सव्वासहाशेच्या आसपास दिसलं तर गाडी निरोगी समजायची. 430 म्हणजे काहीतरी मोठं बिघडलेलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मालक मात्र काही बोलला नाही. त्याने असे चेहरे पुष्कळ पाहिलेत.

लॉग उघडला. पेडल शंभर टक्के दाबलेलं, पण थ्रॉटल पूर्ण उघडतच नव्हता. कंप्युटरनं तो मुद्दाम मागे धरून ठेवला होता. नॉक नाही, पेट्रोलचा दाब व्यवस्थित, तापमान व्यवस्थित, एकही दोष नोंदलेला नाही. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. ते आज्ञा पाळत होतं.

“डॉक्टर, किल्ली कुठली आणलीत?”

त्यांनी खिशातून काढली. काळी.

हेलकॅटबरोबर दोन किल्ल्या मिळायच्या. लाल किल्लीनं गाडी 707 हॉर्सपॉवर देते, काळीनं 500 वर थांबते. लाल किल्ली कुठाय विचारल्यावर डॉक्टर जरा घुटमळले. ती वहिनींच्या कपाटात होती. दोन हिवाळ्यांपूर्वी एकदा चौकात गाडीची शेपूट फिरली, आणि तेव्हापासून लाल किल्ली तिथेच. पुढे त्यांच्याही लक्षातून गेलं. काचेपलीकडून मालकाचं हसू मला ऐकू आलं नाही, पण खांदे हलताना दिसले.

यात हसण्यासारखं आहे हे खरं. दोन वर्षं 500 वर गाडी चालवणारा माणूस 800 मागायला आला होता. पण मला त्यातून कामाचं काहीतरी कळलं, आणि ते मी गिऱ्हाइकांना आता आवर्जून विचारते. आहे त्यातली किती ताकद तुम्ही वापरता? सपाट सरळ रस्त्यावर दोन सेकंद वापरली, तर ती वापर झाली का? बहुतेकांना उत्तर देता येत नाही. ज्यांना येतं त्यांचं काम मी खुशीनं करते.

पुढच्या शनिवारी डॉक्टर लाल किल्ली घेऊन आले. सोबत वहिनीही आल्या, थर्मासमध्ये चहा घेऊन. या खेपेला मी लागोपाठ तीन धावा घेतल्या, मधे गाडी फारशी निवू न देता. पहिलीत 631. दुसरीत 618. तिसरीत 604. इंटरकूलरच्या पुढे गेलेल्या हवेचं तापमान पहिल्या धावेला 115 अंश फॅरनहाइट होतं, तिसरीत 150 च्या वर. हवा तापली की कंप्युटर नॉकच्या भीतीनं टायमिंग मागे घेतो, आणि ताकद गळते. हे बिघाडाचं लक्षण नाही, हे त्याचं शहाणपण आहे. मी डॉक्टरांना तिन्ही रेषा एकावर एक ठेवून दाखवल्या. ऑगस्टच्या उकाड्यात सिग्नलला दहा मिनिटं थांबून तुम्ही गाडी पळवता तेव्हा तुमच्याकडे तिसरी रेषा असते. पुली लहान केली की हवा आणखी तापणार. पहिली रेषा वर जाईल, तिचा फोटो छान येईल. तिसरीचं काय, ते मी सांगू शकत नाही असं नाही, पण ते ऐकायला कुणाला आवडत नाही.

फोटोवरून आठवलं. डायनोचा आकडा दुरुस्ती लावून छापतात, कारण थंड दाट हवेत कुठलंही इंजिन जास्त देतं. एसएईची जे1349 ही पद्धत 25 अंश सेल्सिअस तापमान आणि 99 किलोपास्कल दाब धरते. जुनी ‘एसटीडी’ पद्धत थंड दिवस धरते, त्यामुळे तोच आकडा साधारण चार टक्क्यांनी फुगतो. गाडी तीच, धाव तीच, फक्त मेनूतून दुसरा पर्याय निवडायचा. कुठल्या वर्कशॉपमध्ये कुठला निवडतात ते आलेख छापलेल्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. ते वाचावं.

पुलीबद्दलचा माझा मुख्य आक्षेप मात्र माझा नाही, खुद्द डॉजचा आहे. 707 वरून पुढे जायला काय लागतं याची उत्तरपत्रिका त्यांनीच 2018 च्या डीमन या गाडीत लिहून ठेवली आहे. डीमन 91 ऑक्टेनवर 808 आणि 100 ऑक्टेनच्या रेसिंग पेट्रोलवर 840 हॉर्सपॉवर देते. तेवढ्यासाठी सुपरचार्जर 2.4 चा 2.7 लिटर केला. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड अधिक मजबूत केले. पेट्रोलचे पंप वाढवले. मागचे हाफशाफ्ट जाड केले, प्रॉपेलर शाफ्टची नळी जाड केली. आणि हवा गार ठेवायला गाडीच्या एसीचा गारवा इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवला, केबिनमधला माणूस घामाघूम झाला तरी चालेल म्हणून. नुसती पुली बदलून भागलं असतं तर एवढा खर्च कुठल्या कंपनीनं केला असता? बाजारातली पुली-आणि-ट्यूनची जोडी त्या यादीतल्या पहिल्या ओळीची किंमत लावते आणि बाकीच्या ओळींचं बिल पुढे कधीतरी येतं, बहुधा हाफशाफ्टच्या रूपानं, आणि बहुधा चिकट टायर टाकल्यावर पहिल्याच सुट्टीला.

डॉक्टरांना हे पटकन कळलं. ते म्हणाले, “म्हणजे पेशंट तोच, वजन तेच, आणि मी डोस मात्र दुसऱ्याच्या केसपेपरवरून देणार.” भूलतज्ज्ञाला राखीव जागा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

वॉरंटीची त्यांना काळजी नव्हती. पाच वर्षं किंवा 60,000 मैलांची पॉवरट्रेन वॉरंटी केव्हाच संपलेली. नव्या गाडीवाल्यांना मात्र मी यावर बसवून सांगते. 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या भागामुळेच नुकसान झालं हे दाखवावं लागतं. पण इंजिन फुटलं आणि कंप्युटरमध्ये अनोळखी ट्यून सापडलं, तर ते दाखवणं कंपनीला कितीसं जड आहे? ट्यून काढून मूळचं परत घातलं तरी पुष्कळ गाड्यांमध्ये खूण राहते. ती वाचायची साधनं डीलरकडे असतात. कायदा बाजूनं असणं आणि गाडी तीन महिने डीलरच्या आवारात पडून असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

प्रदूषणाच्या कायद्याबद्दल तर मिशिगनमध्ये गोडच गैरसमज आहे. इथे गाडीची वार्षिक उत्सर्जन तपासणी नाही, म्हणून लोकांना वाटतं कॅट काढला तर कोण विचारतो. ‘क्लीन एअर ॲक्ट’ हा देशाचा कायदा आहे. उत्सर्जन रोखणारी यंत्रणा निकामी करणं, किंवा ती निकामी करणारी वस्तू विकणं, हे त्यात बसत नाही, आणि तपासणी नसली तरी कायदा असतोच. कॅलिफोर्निया तर प्रत्येक भागाला मंजुरीचा क्रमांक मागते. आमच्या मालकाचा नियम साधा आहे. कॅटच्या मागे आवाजासाठी काय करायचं ते करा, कॅटला आणि त्याच्या पुढे हात लावायचा तर मंजुरीचा क्रमांक दाखवा. या नियमापायी गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत. याच न्यायानं मी एक्झॉस्टमधून फटाके फोडणारं ट्यूनही करत नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मुद्दाम पेट्रोल पाठवून ते मागच्या नळीत जाळायचं, म्हणजे घाटात जो कॅट वाचवायला आम्ही जिवाचं रान केलं तो आवाजासाठी जाळायचा. तिशीतल्या मुलांना ते का आवडतं, देव जाणे.

मग डॉक्टरांच्या गाडीचं केलं काय? मी खाली वाकून मागच्या टायरची कड टॉर्चनं पाहिली. प्रत्येक टायरवर डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. त्यांच्या टायरवर शेवट 16 होता. नक्षी भरपूर शिल्लक, कारण गाडी चालतेच किती? पण रबर कडक झालेलं. नखानं दाबलं तर ठसा उमटेना. शिवाय उन्हाळी जातीचे टायर. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की ते आणखी दगड होतात, आणि मिशिगनमध्ये ऑक्टोबरची सकाळ त्याहून थंड असू शकते. चौकात शेपूट फिरली ती सुपरचार्जरमुळे नव्हतीच. 707 असो की 500, सगळी ताकद शेवटी मागच्या दोन तळहाताएवढ्या रबरातून जाते, आणि ते रबर म्हातारं झालं होतं.

तर टायर बदलले. ब्रेक ऑईल काढलं, तर ते चहासारखं निघालं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली बसतं. दोन टनांच्या गाडीत ते केव्हा होईल याची परीक्षा कुणी पाहू नये. नवे पॅड घातले. इंटरकूलरच्या पाण्याची वेगळी साखळी असते, तिच्यात हवा अडकली होती, ती काढली, आणि पुढचा रेडिएटर मोठा बसवला. यालाही बदलच म्हणतात. स्टॉक ठेवा असा माझा उपदेश नाही. पण हा बदल तिसऱ्या रेषेसाठी होता, पहिलीसाठी नव्हे. नंतर मोजलं तेव्हा पहिली धाव जवळजवळ तिथेच होती, तिसरी मात्र फारशी खाली आली नाही. बिल पुलीच्या कामापेक्षा कमी झालं, हे मालकाला फारसं आवडलं नसावं.

त्यांनी एक गोष्ट मात्र हातची घालवली होती. हेलकॅट नवी घेणाऱ्याला डॉज ॲरिझोनातल्या बाँडुरंट रेसिंग स्कूलमध्ये एक दिवसाचं शिक्षण गाडीबरोबरच द्यायची. डॉक्टरांनी ते कधी घेतलंच नाही, सुट्टी मिळाली नाही म्हणून. आता पैसे भरून कुठेतरी जायचं ठरवलंय.

हेलकॅटला जो सल्ला दिला तोच सगळ्यांना देते असं नाही. त्याच महिन्यात फ्लॅट रॉकच्या कारखान्यात लाइनवर काम करणारा एक पोरगा आला. तिथेच मस्टँग बनतात, आणि त्याच्याकडे 2017 ची मस्टँग जीटी, 5 लिटर, 435 हॉर्सपॉवर, सुपरचार्जर नाही. त्याच्याकडे वही होती. मायलन ड्रॅगवेवरची प्रत्येक धाव, त्या दिवसाचं तापमान, टायरमधली हवा, साठ फुटांचा वेळ, सगळं पेन्सिलनं लिहिलेलं. टायर, डॅम्पर, मागचे बुश आधीच झालेले. त्याला हवं होतं फोर्डच्याच परफॉर्मन्स विभागाचं पॅकेज: इनटेक, मोठी थ्रॉटल बॉडी आणि त्यांचंच कॅलिब्रेशन, कॅलिफोर्नियाच्या मंजुरीसह. वही पाहून मी त्याला काही विचारलंच नाही. गाडी आत घेतली. त्याला 435 पैकी किती लागतात ते पैशापर्यंत ठाऊक होतं. त्याला आणखी हवे होते कारण असलेले संपले होते.

डॉक्टरांनी पुलीचा नाद अगदी सोडला असं मी म्हणणार नाही. डिसेंबर 2023 मध्ये ब्रॅम्पटनच्या कारखान्यातून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली, आणि तेव्हापासून त्यांचं निम्मं मन म्हणतं की अशा गाडीला आता हात लावू नये, मूळ भागांसकट राहिली तर मोल राहील. उरलेलं निम्मं मन म्हणतं, काचेच्या कपाटात ठेवायला का घेतली होती. दोन्ही निम्म्यांना माझा विरोध नाही. एवढंच सांगितलंय की कधी करायचंच ठरलं तर डीमनची यादी समोर ठेवून वरपासून खालपर्यंत करू, आणि काढलेला प्रत्येक भाग लेबल लावून घरी नेऊन ठेवायचा.

गणपतीत मंडळात भेटले तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळाच होता. आरती झाली होती, प्रसादाची रांग लागलेली. मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, धाकटीला सोळा पूर्ण झाली. लायसन्स काढलं. गाडी मागतेय. ती काळी किल्ली अजून थोडी खाली आणता येते का हो?”

“आणायला कशाला हवी? गाडीत व्हॅले मोड आहे की. इंजिन 4000 फेऱ्यांच्या वर जात नाही, पहिला गिअर पडत नाही, स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करता येत नाही. चार आकडी पिन घालून लावायचा.”

“कंपनीनंच दिलंय?”

“पहिल्या दिवसापासून. पिन मात्र वहिनींना ठरवू द्या. तुमचा वाढदिवस तिला पाठ आहे.”